‘पहिली तीन वर्षं नुसती काढायची असतात’ म्हणे!

सोसायटीच्या ग्रुपवर, मग माहेरच्या ग्रुपवर, मग शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर असा फिरत फिरत एक लांबलचक मेसेज सगळीकडून माझ्याकडे आला. लिहिणाऱ्याचं नाव नाही, शेवटी हात जोडल्याची चित्रं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: घरात दीड ते तीन वर्षांचं मूल असलेले आईबाप सगळ्यांत दुःखी असतात, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. मुलाला या वयातलं पुढे काही आठवत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी केलेलं सगळं पाण्यात. आनंद वाड्यात आणि अंगणात होता, फ्लॅटमध्ये मुलं कोमेजतात. आजचं मूल मोबाइल दाखवल्याशिवाय जेवत नाही आणि घरात कामाचा नुसता खोळंबा करतं. आई तर पार पिचून जाते. तर ही तीन वर्षं कशीबशी काढावीत, मजा त्यानंतर. खाली अंगठ्यांची रांग आणि ‘अगदी खरं!!’

आमच्या घरी सव्वादोन वर्षांची मुलगी आहे. ठाण्याच्या नौपाड्यात, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मी दमते, रोज दमते. तरी ‘अगदी खरं’ लिहायला हात उठेना. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ते शास्त्रज्ञ. हा मुद्दा अगदीच हवेतला नाही. नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास छापला होता. टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना त्यांनी आदल्या दिवसाचे तुकडे पाडायला लावले आणि विचारलं, हे करताना कसं वाटत होतं? १६ कामांच्या यादीत मुलांची देखभाल १२वी आली. टीव्ही वर, खरेदी वर, स्वयंपाक वर, इतकंच काय, डुलकीसुद्धा एक पायरी वर. मेसेजवाल्याने, किंवा त्याने ज्याचं ढापलं त्याने, इथेच पान मिटलं.

त्याच यादीत तळाला काय आहे? कामावर जायचा-यायचा प्रवास. हे कळायला टेक्सास कशाला हवं, सकाळी आठला ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं राहावं. प्रवासाच्या वर नोकरी, तिच्या वर घरकाम. म्हणजे या हिशेबाने मुलांच्या आधी नोकरीवर पाणी सोडायला हवं, आणि तसा मेसेज काही कुणी फिरवत नाही. शिवाय त्याच अभ्यासात दुसरी एक यादी आहे: कोणाच्या सोबतीत कसं वाटलं? त्यात मित्रमैत्रिणी पहिल्या, मग नातेवाईक, मग नवरा आणि त्याच्या अगदी पाठोपाठ मुलं. साहेब पार खाली. साहेबाच्याही खाली एकटं असणं! थोडक्यात, त्या बायका सांगत होत्या की शी-शू, आंघोळ, गृहपाठ यांत फार सुख नाही, पण पोरं सोबत असली की बरं वाटतं. यात सिद्ध झालेलं दुःख कुठे आहे, ते मला तरी दिसलं नाही. ‘दीड ते तीन’ ही अटही त्या यादीत नाही, ती मेसेजवाल्याच्या पदरची.

पुढे २००९मध्ये मॅथ्यू व्हाइट आणि पॉल डोलन यांनी ‘मजा आली का’ याच्या जोडीला ‘हे करून काही सार्थक वाटलं का’ असंही विचारलं. टीव्ही पाहण्यात मजा जास्त, सार्थक कमी. मुलांसोबतच्या वेळात बरोबर उलटं. मला हे पटतं, पण एक गोष्ट त्यात पकडीत येत नाही. या वयात काम आणि मजा असे दोन वेगळे कप्पे नसतातच. आंघोळ घालणं हे काम आहे, आणि त्याच आंघोळीत आमची छोटी बाई मग्ग्यातलं पाणी माझ्या डोक्यावर ओतून ‘झालं, पूस आता’ म्हणते. प्रश्नावलीत मी कुठल्या रकान्यात खूण करू?

कंटाळ्याचं मात्र मान्य. एकच गोष्ट, तीच चिऊ, तोच काऊ, तेच ‘थांब, बाळाला तीट लावते’, आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला तर ‘अशी नाही!’ पण ससेक्स विद्यापीठात २०११ साली तीन वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग झाला. नवे शब्द वेगवेगळ्या गोष्टींतून ऐकलेल्या मुलांपेक्षा तीच ती गोष्ट पुन्हा ऐकलेल्या मुलांच्या ते जास्त लक्षात राहिले. म्हणजे पोरगी आपल्याला छळत नसते, तिचा रियाज चाललेला असतो. हे कळल्यावर कंटाळा जातो असं नाही. जांभया येतातच.

दुसरा मुद्दा: ‘मुलाला काही आठवत नाही.’ मोठेपणी आपल्याला साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं आठवत नाही, हे खरं. पण त्यावरून ‘मुलाला आठवत नाही’ असं म्हणणं चूक. पॅट्रिशिया बाउअर आणि मरीना लार्किना यांनी तीन वर्षांच्या मुलांचं त्यांच्या आयांशी झालेलं बोलणं टिपून ठेवलं आणि पुढे तीच मुलं वेगवेगळ्या वयाची झाल्यावर त्यांना त्या प्रसंगांबद्दल विचारलं. २०१४ साली आलेले निष्कर्ष असे: पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यातले ६० टक्क्यांहून जास्त प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्यांना ४० टक्क्यांहून कमी. म्हणजे आठवण तयार होते, काही वर्षं टिकतेसुद्धा, मग पुसली जाते. आमच्या घरी तर मागच्या गणपतीत काकाने मोदक खाली पाडला होता ही तक्रार अजून चालू आहे. काका दारात दिसला की पहिलं वाक्य तेच.

आणि समजा पुसलंच सगळं. पुढे आठवेल तोच आनंद खरा, हा नियम मोठ्यांना कोण लावतं? मेसेजवाल्याला गेल्या वर्षी आजच्या तारखेला काय जेवला ते आठवत असेल तर माझी हरकत नाही. शिवाय या आनंदात गिऱ्हाइकं दोन आहेत. पोरगी विसरेल, मी आणि नवरा विसरणार नाही.

आता वाडा आणि अंगण. या मुद्द्यावर लोक फार हळवे होतात, म्हणून आधी एक रूक्ष आकडा. १९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं वर्षाच्या आत दगावत. २०२० साली हा आकडा २८ होता. सासूबाई अंगणाच्या आठवणी सांगतात तेव्हा त्यांच्या पाठच्या दोन भावंडांची आठवणही त्यातच असते, ती त्या हळू आवाजात सांगतात. मेसेजात अंगण आलं, ती भावंडं नाही आली.

राहिला फ्लॅट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी, असं त्यांत आहे. तीन तास ऐकून छाती दडपते, पण हे सलग मैदानावर नाहीत. जिना चढणं, पलंगावरून उशीवर उडी, पॅसेजमध्ये शेजारच्या दारापर्यंत पळत जाऊन बेल वाजवून परत येणं (शेजारच्या काकू सोशिक आहेत), सगळं धरायचं. आमच्या मजल्यावर चार दारं आहेत आणि त्यांतली दोन दिवसा उघडीच असतात.

आणि खाली उतरलं की ठाणं आहे. सकाळी घंटागाडी येते. अख्ख्या इमारतीला ती कटकट वाटते, हिच्यासाठी ते दिवसाचं उद्घाटन. गॅलरीच्या गजांना नाक लावून, सुका डबा, ओला डबा कुठे जातो ते पाहून, सफाईवाल्या दादांना टाटा केल्याशिवाय दूध नाही. संध्याकाळी तलावपाळी. मासुंदा तलावातल्या बोटी ती काठावरूनच बघते, आत बसायचं म्हटलं की ‘नको, ओली होते’. आणि सगळ्यांच्या वरताण म्हणजे स्टेशन. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून निघून इथेच येऊन थांबली होती, पण मला ते स्टेशन वर्षानुवर्षं फक्त धक्क्यांसाठी माहीत होतं. रविवारी दुपारी, गर्दी नसताना, बाकावर बसून नुसत्या गाड्या बघायच्या. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, माझं प्लॅटफॉर्म तिकीट काढलं की झालं. फास्ट गेली की ती दोन्ही कानांवर हात ठेवते, स्लो आली की उतरणाऱ्या माणसांना ‘आलात?’ विचारते. एकदोघे ‘आलो’ म्हणतातही.

माझी बहीण नेरुळला राहते. तिच्याकडे तर थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत तळ्यात रोहित पक्षी उतरतात. आमच्या बाईंनी त्यांच्याकडे पाठ फिरवून काठावरचं कुत्रं बघितलं. अंगण असतं तरी तिने कुत्रंच बघितलं असतं.

मोबाइल आणि जेवण. इथे मेसेजवाल्याला कारणच उलटं दिसलंय. मूल पहिल्या वर्षात जन्माच्या वजनाच्या साधारण तिप्पट होतं. तीन किलोचं नऊ किलो, म्हणजे सहा किलोची भर. दुसऱ्या वर्षात भर पडते दोन-अडीच किलोची. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते, हा शरीराचा साधा हिशेब आहे. आपण मात्र ‘आधी किती छान जेवायची’ म्हणत पहिल्याच मापाची वाटी भरतो, ती संपत नाही, म्हणून मोबाइल पुढे येतो. त्यात याच वयात नव्या चवीला नकार देणं अगदी नेहमीचं. एखादी भाजी स्वीकारायला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही ती नुसती समोर यावी लागते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, आयएपीने, २०२१ साली सांगितलंय: दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नाहीच, दोन ते पाच वर्षांत दिवसाला फार तर एक तास. वाटी लहान करणं हा त्यामानाने स्वस्त उपाय आहे.

आणि ‘कामाचा खोळंबा’ म्हणाल तर जांभळी नाक्यावरून आणलेली कोथिंबिरीची जुडी आमच्याकडे दोघी मिळून निवडतो. पेपर पसरायचा, मुळं मी तोडायची. ती एक काडी घेते, उलटी करते, एकच पान खुडते, ते डोळ्यांजवळ नेऊन बघते, हुंगते, ‘चांगलं’ म्हणते आणि डब्यात टाकते. मग उरलेली पानांनी भरलेली काडी कचऱ्यात. मी ती कचऱ्यातून उचलून डब्यात टाकते, ती डब्यातून उचलून पुन्हा कचऱ्यात. दहा मिनिटांच्या कामाला पाऊण तास. पण त्या रात्री वरणावरची कोथिंबीर ‘मी केली’ म्हणून बाई बोटाने वेचून खाते. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६मध्ये दाखवलं की दीड वर्षाची मुलंसुद्धा न सांगता मदतीला येतात. हात भरलेल्या अनोळखी माणसाला कपाट उघडता येईना, तर पोरं उठून दार उघडून देत. शाबासकी नाही, खाऊ नाही. मदत करायची हौस मूल सोबत घेऊन येतं, आपण ‘तू बस तिकडे, कार्टून बघ’ म्हणून ती घालवतो.

रडणं, लोळणं, दुकानात अंग टाकून देणं यावर मेसेजात एक परिच्छेद आहे. रागाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीतही पुरता तयार झालेला नसतो, सव्वादोन वर्षांत काय व्हायचा? पुढे चला.

शेवटचा मुद्दा आईचा. यावर मी भांडणार नाही, कारण यात तथ्य आहे. फक्त बोट चुकीच्या माणसाकडे दाखवलंय. जेनिफर ग्लास, रॉबिन सायमन आणि मॅथ्यू अँडरसन यांनी २०१६ साली २२ देशांची तुलना केली. मुलं असलेले आणि नसलेले यांच्या सुखातली दरी अमेरिकेत सगळ्यांत मोठी निघाली. जिथे पगारी रजा, परवडणारी पाळणाघरं आणि कामाच्या वेळांत सवलत आहे, तिथे ती दरी उरत नाही, काही देशांत मुलंवालेच जास्त सुखी. आईला पिचवतं ते दोन वर्षांचं मूल नव्हे, तर रात्री नऊला घरी पोचणारा दिवस आणि ‘तूच बघ, तुझ्याकडेच राहते ती’ म्हणणारा नवरा. आमच्याकडे रात्रीची शी-शू आणि सकाळची वेणी नवऱ्याकडे आहे. वेणी वाकडी असते, तिला चालते.

आपल्याकडे कायदाही आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची केली, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक केली. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन यायची मुभाही त्यात होती. २०२५पासून याच तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत. आमच्या ऑफिसात माणसं पन्नासच्या कितीतरी वर आहेत, पाळणाघराच्या नावाने एका खोलीत जुने प्रिंटर ठेवलेत. पाळणाघराचं ते कलम मी छापून एचआरला दिलंय आणि खाली इतर चार आयांच्या सह्या घेतल्यात. उत्तर अजून आलेलं नाही.