शेजाऱ्याला वीज विकून वर रडायचं कसं

समजा तुमचा देश नॉर्वे आहे. डोंगर, पाऊस, धरणं, जवळपास सगळी वीज पाण्याची. मग पहिलं काम काय, समुद्रातून शेजाऱ्यांकडे केबली टाका. डेन्मार्कला 1970च्या दशकातच टाकून झाल्यात, 2008ला नेदरलँड्सला 580 किलोमीटर, आणि 2021ला एकाच वर्षात जर्मनी आणि ब्रिटन, प्रत्येकी 1400 मेगावॅट. उद्घाटनाला केबलचा कापलेला तुकडा हातात धरून फोटो काढा. मधे धातूचा गाभा, त्यावर तेलकट कागदाचे थरावर थर, मग शिसं, वरून पोलादी तारा, भारी दिसतो फोटोत.

आता धंदा. तिकडे वारा सुटला की त्यांची पवनचक्क्यांची स्वस्त वीज घ्यायची आणि आपलं धरणाचं पाणी राखून ठेवायचं, वारा पडला की तेच पाणी चढ्या भावाने विकायचं. हे लोकांना समजावून सांगायच्या फंदात पडू नका. चुकून समजलं तर काय घ्या!

मग येतो डिसेंबर 2024. जर्मनीत वारा नाही, ऊन नाही, केबलीतून वीज तिकडे ओढली जाते, आणि दक्षिण नॉर्वेत विजेचा दर 2009 नंतर सगळ्यात वर. लोक मोबाइलवर तासातासाचा दर बघून वॉशिंग मशीन लावायला लागले की तुम्ही लगेच कपाळाला हात लावा, ऊर्जामंत्र्यांनी तर इथे लिहिता येणार नाही असा शब्द वापरला. त्याच दिवसांत उत्तरेकडे वीज जवळपास फुकट होती, कारण देशातल्या देशात दक्षिणेकडे वीज आणायच्या लाइनी अपुऱ्या, पण हा विषय काढायचा नाही, आपली लाइन ती आपली, शेजाऱ्याची केबल ती वाईट. जलविद्युत कंपन्या बहुतेक सरकारच्या नाहीतर नगरपालिकांच्या, म्हणजे नफाही घरातच येतो. तोही विषय नको. ठरलेल्या दरापलीकडच्या बिलातले 90 टक्के सरकार भरतं, तेवढं मात्र ओरडून सांगा.

एवढ्यावर भागलं नाही तर सरकारच्या युतीतून बाहेर पडा, जानेवारी 2025मध्ये सत्तेतली सेंटर पार्टी युरोपच्या वीजनियमांवरून पडली तशी. किंवा डेन्मार्कच्या जुन्या केबली म्हाताऱ्या झाल्यात, आता नव्या नकोत म्हणा, टाळ्या पक्क्या.

फक्त एक करा, सगळ्याच तोडू नका. 2010सारखं कोरडं, कडाक्याच्या थंडीचं साल आलं, धरणं खाली गेली की त्याच केबलमधून उलटी वीज घ्यावी लागते. गुपचूप घ्यायची, आणि त्या दिवशी भाषण ठेवायचं नाही.