हातात चेंडू नसताना

14 वर्षांखालील मुलींच्या शालेय सॉफ्टबॉल सामन्यांत दर वर्षी तोच प्रकार पाहून माझे डोके उठते: हातात चेंडू नसतानाही दुसऱ्या बेसवरची खेळाडू ग्लोव्ह खाली आपटून बाद करण्याचे सोंग आणते, धावणारी मुलगी विनाकारण घसरते, गुडघे सोलून घेते आणि प्रशिक्षक महाशय 'डोक्याचा खेळ' म्हणत टाळ्या वाजवतात. बंटचा, म्हणजे बॅट आडवी धरून चेंडू हलकेच टेकवण्याचा, पवित्रा घेऊन ऐन वेळी सणसणीत फटका मारणे ही खरी हुलकावणी, खो-खोतल्यासारखी, आणि ती मला मनापासून आवडते. पण चेंडूविना केलेले हे सोंग नियमांनुसार चक्क अडथळा ठरते, हे शिकवायचे ज्यांनी, तेच सोयीस्करपणे विसरतात. पंच तिकडे क्वचितच पाहतात, आणि गुडघ्यांना मलम मात्र आम्ही पालकांनी लावायचे!