शंभर भाडेकरू

आकडे लक्षात ठेवण्याची चित्रपद्धत शिकवणारे एक गोष्ट आधी सांगत नाहीत. या उद्योगात स्मरणशक्तीचं काम थोडं आणि घरमालकीचं फार. ०० ते ९९ अशा शंभर खोल्या डोक्यात बांधायच्या, प्रत्येकीत एक भाडेकरू आणून बसवायचा, त्याला एक काम लावून द्यायचं, हातात एक वस्तू द्यायची आणि मग त्या शंभर जणांची भांडणं मिटवत बसायचं. भाड्यापोटी ते आपल्याला आकडे आठवून देतात. देतात, पण महिन्याच्या महिन्याला देतीलच असं नाही.

गरज मात्र खरी आहे. आधार १२ अंकी, बँकेचं कार्ड १६ अंकी, मोबाइल १०, रेल्वेचा पीएनआर १०, पिनकोड ६. डोक्याची ऐपत किती, तर जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली सांगितली ती एका वेळी सात गोष्टींची, दोन इकडे की दोन तिकडे. पुढच्या संशोधकांनी तीही चारच्या आसपास आणून ठेवली. जुन्या पिढीनं पावकी, निमकी, दीडकी, औटकी चालीवर घोकून निभावलं. पण पाढ्याला निदान क्रम असतो. कार्डाच्या नंबराला चाल लावायची तर भजनी मंडळही हात जोडेल.

चित्रपद्धतीची मेख अशी, की डोकं 'सात गोष्टी' मोजतं तेव्हा गोष्ट केवढी हे बघत नाही. सहा अंकांचं एक दृश्य केलं तरी ते एकच मोजतं. म्हणून आधी अंकाचं अक्षर करायचं, अक्षरांचा शब्द, शब्दाचा माणूस, आणि तीन माणसं मिळून एक दृश्य.

अंकाचं अक्षर करायला युरोपात सतराव्या शतकापासून खटाटोप चालू आहे. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून कटपयादी आहे, आणि देवनागरीत विचार करणाऱ्यानं दुसरीकडे जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. क पासून झ पर्यंत १ ते ९ आणि ञ शून्य. ट पासून ध पर्यंत पुन्हा १ ते ९ आणि न शून्य. प फ ब भ म म्हणजे १ ते ५. य र ल व श ष स ह म्हणजे १ ते ८, आणि शेवटी उरलेला ळ ९. काना-मात्रा-वेलांटीला किंमत नाही. अनुस्वारालाही नाही. जोडाक्षरात फक्त शेवटचं व्यंजन धरायचं. व्यंजनाचा आधार नसलेला स्वर शून्य. संपलं. पाटीवर मावणारा तक्ता आहे.

कर्नाटक संगीतातल्या ७२ मेळकर्त्यांचे, म्हणजे मूळ रागांचे, क्रमांक याच तक्त्यानं रागाच्या नावात दडवलेले आहेत. मायामालवगौळमधले म आणि य म्हणजे ५ आणि १, उलटे वाचले की १५ वा मेळ. शंकराभरणाचं नाव २९ शी जुळेना म्हणून त्याच्या आधी 'धीर' चिकटवला: ध ९, र २, उलटून २९. रागानं कुरकुर केल्याची नोंद नाही. 'गोपीभाग्यमधुव्रात' अशी सुरुवात असलेला एक संस्कृत श्लोक तर कृष्णाची स्तुती करता करता गणितातल्या पायची (π) किंमत सांगतो: ग ३, प १, भ ४, य १, म ५, ध ९, र २, त ६. देव आणि दशांश एका फेरीत.

परंपरेत अंक बहुधा उजवीकडून डावीकडे वाचतात; वरचा पायचा श्लोक त्याला अपवाद. घरगुती वापरासाठी हा नियम मी सरळ मोडायला सांगतो. डावीकडून उजवीकडे वाचा, शब्दातली पहिली दोनच अक्षरं धरा, आणि ही दिशा पुन्हा बदलू नका. अर्धे शब्द सुलटे आणि अर्धे उलटे ठेवणाऱ्याच्या डोक्यात १२ आणि २१ कायमचे एकमेकांच्या घरी जेवायला जातात.

आता खोल्यांचं वाटप. पहिल्या दिवशी फार मजा येते, कारण नातेवाईक आपोआप येऊन बसतात. काका ११, मामा ५५, दादा ८८, आजी ०८, आई ००. दुसऱ्या दिवशी काकू दारात उभी असते. तीही ११. मामी ५५, दीदी ८८, आजोबा ०८. कटपयादीला वेलांटी-मात्रा दिसत नसल्यामुळे तिच्या दृष्टीनं नवरा-बायको एकच. मोठ्या मनानं दोघांनाही ठेवून घेणं ही इथली सर्वांत महाग चूक. खोली एक, माणूस एक. काका ठेवायचा तर काकूला कायमचा निरोप द्यायचा. ७७ ला ससा येतो आणि सासूही येते. बहुतेक लोक भिऊन सासूला ठेवतात, आणि ते बरोबरच आहे, कारण सशापेक्षा सासू जास्त काळ लक्षात राहते. ७० ला सून बसवली की घराण्याचं चित्र पुरं होतं.

काही खोल्या झटकन भरतात. ६२ चोर, २८ राजा, ९५ झाशीची राणी. काहींना वस्तूवरून माणूस शोधावा लागतो: १४ पाव म्हणजे पाववाला, १० पान म्हणजे पानवाला, ६५ चष्मा म्हणजे चष्मा लावलेला मास्तर. इथे एक खड्डा आहे. ४१ म्हणजे वीट. विटेवर कोण उभं, हे मराठी माणसाला विचारायलाच नको. पण 'विठोबा' अक्षरं लावून पाहिलात तर ४२. म्हणजे देव ४२ चा आणि उभा ४१ वर. अठ्ठावीस युगं तो तिथून हलला नाही, आपल्यासाठीही हलणार नाही; ऐन वेळी मात्र आपल्याला हमखास एकानं चुकवणार. तेव्हा ४१ ला मुकाट्यानं वीटभट्टीवाला बसवावा.

खरी टंचाई नव्वदीत. नऊसाठी झ, ध आणि ळ एवढीच अक्षरं, आणि ळ नं सुरू होणारा शब्द मराठीत मिळणार नाही. ९० धन, ९१ झोप, ९२ धूर, ९३ झाड इथपर्यंत गाडी बरी चालते. ९६ ला झोत, ९८ ला झुंज अशी ओढाताण होते आणि ९७ ला लोक शब्दकोश मिटून ठेवतात. ९७ साठी धसकट घ्या. पहिली दोन अक्षरं ध-स, आणि ज्वारी काढल्यावर रानात अनवाणी चालणाऱ्याला हा शब्द विसरणं शक्य नाही. पाय धरून नाचणारा माणूस त्या खोलीत छान शोभतो.

३६ ला अक्षरांनी 'लाच' येते, पण तिथे तक्ता बाजूला ठेवायला माझी हरकत नाही. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून उभेच आहेत. भिंत वाटून घेतलेले दोन भाऊ बसवा आणि पुढे चला. तक्ता सोयीसाठी आहे, त्याचं व्रत घेतलेलं नाही.

भाव, वेळ, राग, रात असले शब्द अक्षरांत चोख बसतात, आणि चित्र म्हणून कुचकामी ठरतात. डोळे मिटल्यावर ज्याला पाय फुटत नाहीत तो भाडेकरू नको. धूरही तसाच, म्हणून ९२ ला गिरणीचं धुराडं आणि ते पुसणारा माणूस.

माणसं बसली की प्रत्येकाला एक क्रिया आणि एक वस्तू. शंभर माणसं, शंभर क्रिया, शंभर वस्तू. ऐकायला सोपं, पण इथे निम्मे लोक गळतात, आणि गळतात ते क्रियांवर. 'बघणे', 'बोलणे', 'विचार करणे' ही कामं सरकारी कचेरीत चालतील, इथे नाही. मारामारीच्या क्रिया तर आपोआप वाढतात: चोर मारतो, राजा मारतो, राणी मारते, दादा तर मारतोच. आठवताना फक्त कुणीतरी कुणाला तरी झोडपतंय एवढंच दिसतं आणि आकडा विचारला की सगळे हात वर करतात. क्रिया अशी हवी की सावलीवरूनही ओळखू यावी. नारळ फोडणं, जातं ओढणं, चुना लावणं, पोत्यात कोंबणं, धुणं आपटणं, डोक्यावरचा हंडा उपडा करणं. शंभर क्रियांची यादी भिंतीला लावून एकसारख्या दिसणाऱ्या दोन निघाल्या की एक खोडायची.

मग तीन जोड्यांचं एक दृश्य. पहिल्या जोडीचा माणूस, दुसरीची क्रिया, तिसरीची वस्तू. हा क्रम म्हणजे कायदा. पुणे शहराचा ४११००१ घ्या. ४१ वीटभट्टीवाला, १० पानवाल्याची क्रिया, चुना लावणं, ०१ नट, त्याची वस्तू खोटी मिशी. वीटभट्टीवाला खोट्या मिशीला चुना लावतो आहे. झाला पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ ला ही सहा अंकी व्यवस्था सुरू झाली, आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे स्वतः संस्कृतचे कवी. त्यांनी सहाच अंक ठेवले, म्हणजे बरोबर एक दृश्य. पद्धतवाल्यांवर याहून मोठे उपकार कुणी केलेले नाहीत.

पायचे पहिले बारा दशांश १४१५९२ ६५३५८९. पाववाला धुराड्यावर पाण्याचा हंडा उपडा करतो (१४ पाव, १५ पाणी, ९२ धुराडं). मास्तर दळणाचा डबा धनुष्याला लावून सोडतो (६५ चष्मा, ३५ बाण, ८९ दळण). दोन दृश्यं, बारा अंक. आधारचेही बाराच. पण आधार छापतात चार-चार-चारच्या गटांत, आणि आपण तोडतो सहा-सहा. मधला गट मधोमध फाटतो आणि निम्मे अंक एका दृश्यात, निम्मे दुसऱ्यात जातात. त्यावर उपाय एकच, छापलेल्या मोकळ्या जागा दिसतच नाहीत असं समजायचं. मोबाइलचे दहा म्हणजे एक पुरं दृश्य आणि एक लंगडं, ज्यात माणूस आहे, क्रिया आहे, हातात काही नाही. कार्डाचे सोळा म्हणजे दोन पुरी आणि एक लंगडं. त्या लंगड्या दृश्यात दया येऊन वस्तू घालू नका. कार्डाचे अठरा अंक होतात आणि दुकानदार तुमच्याकडे निराळ्याच नजरेनं बघतो.

ऐकून आकडा घ्यायचा तर आणखी गंमत. मराठीत सत्तावीस म्हणताना सात आधी कानावर पडतो आणि वीस मागून येतो. तोवर डोक्यातल्या सातच्या मजल्यावरची सासू चप्पल घालून निघालेली असते. बालभारतीनं २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' आणलं तेव्हा गदारोळ झाला. पद्धतवाले मात्र मनातल्या मनात खूश झाले असावेत. सांगणाऱ्याला एकेक अंक सांगायची विनंती करा. 'डबल नाइन, ट्रिपल टू' म्हणणाऱ्याला लिहूनच द्यायला सांगा, कारण ट्रिपलमध्ये जोडी फुटते.

दृश्यं हवेत लटकत ठेवायची नाहीत. ओळखीच्या जागी, ठरलेल्या क्रमानं मांडायची: दार, चपलांचं कपाट, झोपाळा, देव्हारा, ओटा. पाच जणांच्या घरातल्या आधार क्रमांकांना दहा जागा पुरतात. एकाच जागी एका दिवसात दोनदा दृश्य मांडू नका. सकाळचा पाववाला संध्याकाळीही तिथेच भिजत उभा राहतो. रोज सराव करणाऱ्यांनी तीन-चार घरं फिरवत वापरावीत.

तालीम कशी करायची? रोज दहा नव्या खोल्या. आधी आकड्यावरून माणूस, मग माणसावरून आकडा, आणि दोन्ही क्रम मोडून. ओळीनं म्हणणाऱ्याला ओळच पाठ होते. ज्या खोलीचं दार उघडायला दोन सेकंदांहून जास्त लागतात तिच्यावर खूण करायची. आठवडाभर खूण टिकली तर भाडेकरू बदलायचा, त्याआधी नाही. सुरुवातीला रोज माणसं बदलणाऱ्यांकडे जुने भाडेकरू नव्यांच्या शेजारी बिऱ्हाड मांडून राहतात. लंडनमध्ये १९९१ साली झालेली पहिली जागतिक स्मरणस्पर्धा जिंकणारे डॉमिनिक ओब्रायन पुढे एकूण आठ वेळा विजेते ठरले. त्यांची पद्धत निराळी, अंकांची रोमन अक्षरं करून नाव-आडनावाची आद्याक्षरं बनवायची. पण माणसं तीच ठेवायची, हा धडा तिकडेही तोच.

सरावाला साहित्य विकत आणायची गरज नाही. बँका दिवसभर सहा अंकी ओटीपी फुकट पाठवतात. एक ओटीपी, एक दृश्य, आणि मुदत संपायच्या आत पुरं करायचं. पहिल्या काही दिवसांत सासू मिशीला चुना लावून होईपर्यंत मुदत संपते. तेव्हा पुन्हा पाठवा म्हणायचं, नवा आकडा येतो, नवे तिघे बाहेर पडतात. घाई असेल त्या दिवशी बघून टाका.