१२७ दातांचं प्रकरण

लेथवर, म्हणजे धातूचा जॉब गोल फिरवून कापायच्या यंत्रावर, कापणारं टूल बरोब्बर सेंटरला, जॉबच्या मध्याच्या उंचीला, बसवायचं म्हणजे त्याच्याखाली काय काय सारावं लागतं, ते जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. माझ्याकडच्या टूलखाली आत्तापर्यंत हॅकसॉ ब्लेडचे तुकडे, मुदत संपलेलं डेबिट कार्ड, फीलर गेजची तुटकी पाती आणि कोल्ड्रिंकच्या कॅनचा कापलेला पत्रा एवढं सगळं जाऊन आलंय. त्यातला कॅनचा पत्रा सगळ्यात गुणी, साधारण ०.१ मिलिमीटर भरतो आणि फुकट मिळतो. पण बोल्ट आवळला की टूल जरासं खाली जातंच, मग परत सैल करा, परत पत्रा सारा, परत आवळा. टूल बदललं की ये रे माझ्या मागल्या.

यावर उपाय म्हणजे क्विक चेंज टूलपोस्ट, टूल पटकन बदलता येणारा खांब. एकदा उंची सेट केली की टूलहोल्डर नुसता वरून सरकवायचा आणि खटका फिरवायचा. बाजारात मिळतो, मान्य आहे, पण सगळं बाजारातूनच आणायचं तर शेडमध्ये हे साडेचार फुटी धूड कशाला आणून ठेवलंय? धूड पंजाबातल्या बटाल्याचं आहे, सेकंडहँड, मेकरचं नाव रंगाच्या थरांखाली कधीच गडप झालंय. शेड बघायला येणारा प्रत्येक जण मला विचारतो, "मिस्टरांचं का हे?" आमचे मिस्टर शेडमध्ये फक्त चहा घेऊन येतात आणि कप ठेवायला सपाट जागा म्हणून लेथच्या बेडकडे बघतात.

तर टूलपोस्टला डोव्हटेल, म्हणजे टूलहोल्डर सरकवायची तिरक्या कडांची खाच, लागतो. डोव्हटेल कापायचा तर मिलिंग (कटर फिरता, जॉब न फिरणारा) आलं आणि मिलिंग मशीन माझ्याकडे नाही. पण गरिबाचं मिलिंग लेथवर होतं, क्रॉस स्लाइडवर (लेथच्या आडव्या सरकत्या भागावर) वरखाली सरकणारी व्हर्टिकल स्लाइड बसवायची, जॉब तिच्यावर आणि कटर चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत. व्हर्टिकल स्लाइड मी एका भंगारातल्या स्लाइडपासून केली, ती बरी झाली, तिच्याबद्दल तक्रार नाही.

कटर मात्र थ्री जॉ, म्हणजे तीन जबड्यांच्या, चकमध्ये धरला आणि बाबा खुर्चीतून उठलेच. बाबा आयटीआयचे टर्नर, पिंपरीच्या एका कारखान्यात सगळी नोकरी लेथवर उभं राहून केलेली, रिटायर झाल्यावर माझ्या शेडमध्ये सुपरवायझर म्हणून स्वतःहून रुजू झालेत. "अगं या एंडमिल कटरची शँक टणक, जॉ पण टणक, ती धरली जात नाही, हळूहळू बाहेर येते आणि जॉबमध्ये घुसत जाते. कोलेट लाव."

कोलेट म्हणजे कटर चारी बाजूंनी आवळून धरणारी चिरा दिलेली नळी, इथे ईआर ३२ मापाची. कोलेट विकत आणायचे, त्याचा नटही विकतच आणायचा (आत एक्सेंट्रिक रिंग असते, कोलेट बाहेर ओढून काढायला, ते घरी करायच्या फंदात शहाण्या माणसाने पडू नये) आणि बॉडी तेवढी घरी करायची. आत ८ अंशाचा टेपर (निमुळता उतार), बाहेर नटासाठी आटे. किती सोपं! आटे कुठले तर एम ४० बाय १.५, म्हणजे मेट्रिक, व्यास ४० मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर (पिच) १.५ मिलिमीटर.

इथं घोडं अडलं. भारत सरकारने मेट्रिकचा कायदा १९५६ सालीच केला, पण ते माझ्या लेथला कोणी कळवलेलं नाही. त्याचा लीडस्क्रू, म्हणजे आटे कापताना टूल पुढे नेणारा लांब स्क्रू, इंचातला, इंचाला ४ आटे. तसं बघितलं तर आपल्याकडे कोणालाच नीट कळवलेलं नाही, हार्डवेअरच्या दुकानात दहा एमएमचा बोल्ट मागितला तरी काउंटरवरचे काका "म्हणजे तीन सूत ना?" असं विचारतात, आणि तीन सूत म्हणजे साडेनऊ, दहा नव्हे. इंचाच्या लीडस्क्रूवर मेट्रिक आटे अचूक कापायचे असतील तर १२७ दातांचा चेंज गियर (चक आणि लीडस्क्रू यांच्यामधला बदलता येणारा गियर) लागतो, कारण इंच म्हणजे २५.४ आणि त्याला ५ ने गुणलं की १२७. ही संख्या मूळ, कशानेच भाग जात नाही. त्यामुळे छोट्या गियरच्या जोड्या लावून काम भागत नाही, आख्खे १२७ दात पाहिजेतच. माझ्या लेथला १.५ च्या पिचसाठी वर ३० चा, खाली १२७ चा, एवढाच मामला.

बाबा म्हणाले, "४७ आणि ३७ लाव, भागाकार जवळजवळ १.२७ येतो, दहा हजारात दोनाची चूक, नटाला काय कळणार आहे?" नटाला नाही कळणार, मला कळेल ना! शिवाय माझ्याकडे ४७ पण नाही आणि ३७ पण नाही.

म्हणजे आता गियर कापायचा. त्याला मिलिंग मशीन हवं आणि डिव्हायडिंग हेड, म्हणजे जॉब मोजून मापून फिरवणारं साधन, हवं. दोन्ही भोसरीत बाबांच्या जुन्या मित्राच्या गाळ्यात आहे, त्या मित्राने, म्हणजे काकांनी, सुट्टीच्या दिवशी या म्हणून सांगितलं. डिव्हायडिंग हेडचं गणित साधं असतं, हँडलचे ४० फेरे म्हणजे जॉबचा एक फेरा. सात भाग हवे असतील तर दर वेळी पाच पूर्ण फेरे आणि हँडलमागच्या प्लेटवरच्या २१ भोकांच्या वर्तुळावर १५ भोकं पुढे. पण १२७ भाग करायला १२७ भोकांचं वर्तुळ लागतं आणि काकांच्या प्लेटा ४९ ला संपतात. १२७ भोकांची प्लेट करायची तर आधी १२७ भाग पाडता यायला हवेत. कळलं ना कुठे येऊन पोचलो ते? शंका आली की मी मॉडस्लेची आठवण काढते. हेन्री मॉडस्लेने १८०० च्या सुमारास स्क्रू कापायचा नामांकित लेथ केला, पण त्या लेथला लागणारा चांगला स्क्रू त्याला आधी कुठून मिळणार होता? त्याने मऊ गोल दांड्यावर पातं तिरकं धरून पहिले आटे उमटवले होते. त्याचं भागलं तर माझंही भागेल.

माझं भागलं ते आईच्या शिवणाच्या डब्यात. टेलरची टेप घ्या, एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. २५ इंचासमोर बघा काय येतं, साडेत्रेसष्ट सेंटिमीटर. आणि साडेत्रेसष्टमध्ये अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरच्या खुणा मोजल्या तर भरतात बरोब्बर १२७! आईच्या डब्यात ही प्लेट माझ्या जन्माआधीपासून पडून होती. टेप तिथे कापली, प्लायवूडची तबकडी लेथवर साधारण २०२ मिलिमीटरला आणली आणि मग कडा पॉलिश पेपरने घासत घासत टेपची दोन टोकं अचूक भिडेपर्यंत उतरवली. टेप ताणली गेली असली तरी बिघडत नाही, सगळीकडे सारखी ताणली की झालं. आणि त्यातून खुणेत थोडं इकडेतिकडे झालंच तर गियरपर्यंत पोचताना चूक ४० ने भागली जाते. आईने कापलेली टेप बघितली आणि ती काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं.

गाळ्यात तबकडी हँडलच्या मागे बसवली, हँडलला तारेचा काटा लावला. गियरसाठी हायलमची (कडक लॅमिनेटची) प्लेट, व्यास आठ इंच अर्धा सूत. कटर मात्र ५५ पासून १३४ दातांपर्यंत सगळ्यांना एकच चालतो. दर दाताला ४० खुणा, म्हणजे टेपवर २० सेंटिमीटर पुढे जायचं, साडेत्रेसष्टला परत शून्य. शून्य, वीस, चाळीस, साठ, मग साडेसोळा, साडेछत्तीस, साडेछप्पन्न, तेरा, तेहेतीस, त्रेपन्न, साडेनऊ... आणि काटा जरा पुढे गेला तर नुसता मागे आणून चालत नाही, हँडलच्या आतल्या वर्ममध्ये (स्क्रूमध्ये) प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतो, चांगलं मागे जाऊन परत त्याच दिशेने यायचं. हायलमचा वास नाकात, भुसा दातांत, आणि तोंडाने हा पाढा. मध्येच वरच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन, "अगं तू लेथवर असतेस ना, आमच्या मिक्सरचं खालचं ते फिरत नाहीये". मी म्हटलं, काकू, साडेछत्तीस! त्यांनी फोन ठेवला. नंतर आईला म्हणाल्या म्हणे, रिपेअरिंगचे साडेछत्तीस रुपये सांगितले, स्वस्त आहे.

शेवटच्या दातानंतर काटा शून्यावर आला. आलाच. गाळ्यात मी ओरडले ते शेजारच्या पॉवरप्रेसच्या आवाजातही ऐकू गेलं असणार.

काका इतका वेळ स्टुलावर बसून बघत होते. गियर हातात घेऊन त्यांनी दातांवरून अंगठा फिरवला आणि मग अगदी सहज विचारलं, "कशाला लागतो हा?" मी सांगितलं, आटे पाडायला. आटे कशाला? कोलेटचकला. कोलेटचक कशाला? लेथवर मिलिंग करायला. मिलिंग कशाला? टूलपोस्टचा डोव्हटेल कापायला. काकांनी आपल्या मिलिंग मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग बाबांकडे. "मग तो डोव्हटेल आज इथेच नसता का कापला?"

बाबांना एकदम बाहेर जाऊन चहा सांगावासा वाटला. मी काकांना म्हटलं, काका, तत्त्वाचा प्रश्न आहे. काका म्हणाले, "असेल, पण हा द्राविडी प्राणायाम तुला कोणी शिकवला, बापाने ना?"

आटे छान झाले हे सांगायलाच हवं. या गियरवर आटे कापताना हाफनट (कॅरेजला लीडस्क्रूशी जोडणारा दुभंग नट) उघडायचा नाही, एकदा उघडलात की परत त्याच जागी पडत नाही, म्हणून दर कटला टूल मागे घ्या, मोटर उलटी फिरवून कॅरेज मागे आणा, टूल पुढे घ्या, परत सुरू. नट हाताने फिरवला तर तेलात बुडवल्यासारखा गेला शेवटपर्यंत. बाबांनी फिरवून बघितला, परत फिरवला, खिशातून चष्मा काढून आटे बघितले आणि म्हणाले, "हं." टर्नरकडून याच्या वर सर्टिफिकेट मिळत नाही.

आतला ८ अंशाचा टेपर तेवढा राहिलाय. कंपाऊंड (टूलखालची तिरकी फिरवता येणारी स्लाइड) फिरवून लावलंय, पण आत पोचेल असा बोरिंग बार, म्हणजे भोकाच्या आतून कापणारा दांडा, नाही, आहे तो एवढ्या खोलात गेला की थरथरून चट्टे पाडतो, म्हणून जाड बार करायला घेतलाय. दरम्यान काकांकडे एक मेट्रिक आट्याचं जॉबवर्क आलं आणि त्यांचा लेथ माझ्याहून म्हातारा, इंचातलाच. "दोन दिवस दे गं तो गियर," म्हणून घेऊन गेले. काल फोन केला तर म्हणाले, अजून शंभर पीस आहेत, आणि तुझी ती तबकडी पण पाठव, माझ्या एका माणसाला ६३ दातांचा कापायचाय.