चौथं घर आणि आजींचं बिस्किट

कॉलेजच्या सुट्टीत मी महिनाभर दारोदार फिरून सर्वे केलाय. विषय बिस्किटं, एरिया डोंबिवली ईस्ट, महिना मे. नियम असा की ठरलेल्या पॉइंटपासून निघायचं, घरं उजव्या हाताला ठेवत चालायचं, एक इंटरव्ह्यू झाला की मधली तीन घरं सोडून चौथं. आपल्या मनाने घर निवडायचं नाही. आता हे चौथं घर नेमकं बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर आणि तेही कुलूपबंदच कसं निघतं हे एखाद्या ज्योतिषालाच विचारायला हवं.

एकदा दार उघडलं. आजी होत्या, हातात चहाचा कप, त्यात अर्धं बुडवलेलं ग्लुकोज बिस्किट. मला भरूनच आलं. पण घरात बोलायचं कोणाशी हेही आपण ठरवायचं नसतं, त्यासाठी किश ग्रिड असतो, लेस्ली किश या संख्याशास्त्रज्ञाने १९४९ साली मांडलेला. घरातल्या मोठ्या माणसांची यादी करायची, तक्त्यात बघायचं, ज्याच्यावर बोट येईल तोच. बोट आलं धाकट्या मुलावर. तो रात्री साडेनऊच्या आत घरी येत नाही.

"अरे बाळा, मला विचार की, रोज सहा खाते मी!"

"आजी, तुमचा नंबर नाही लागला."

बिस्किटाचा बुडलेला भाग तुटून कपात पडला. आजींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ढकलला.

सुपरवायझरला फोन केला तर त्याने १९३६ ची अमेरिकेची निवडणूक ऐकवली, तिथल्या एका मासिकाने १ कोटी लोकांना पत्रं पाठवली, २० लाखांच्या वर उत्तरं आली तरी अंदाज साफ आपटला, कारण पत्ते बरेचसे फोन आणि गाडीवाल्यांचे, म्हणजे त्या काळच्या पैसेवाल्यांचे होते, सगळ्यांचे नाही, म्हणून दुपारी घरी सापडेल त्याला पकडायचं नाही. पटलं हो. पण जिने मी चढत होतो.

दोन चकरा फुकट गेल्या. तिसऱ्यांदा रात्री पावणेदहाला मुलगा सापडला. म्हटलं आधीची माहिती एकदा कन्फर्म करू, घरात कोणी जाहिरातीच्या धंद्यात आहे का? पहिल्या दिवशी आजी म्हणाल्या होत्या, नाही रे, धाकटा कॉम्प्युटरवर कायतरी करतो.

"मी अ‍ॅड एजन्सीतच आहे ना, डिझायनर."

झालं. जाहिरातवाल्यांची उत्तरं साध्या गिऱ्हाइकासारखी धरत नाहीत, म्हणून असं घर बादच करावं लागतं. मी पेन खिशात ठेवलं.

आतून आवाज आला, "आता तरी मला विचारणारेस का?"