इस्त्रीचे दहा रुपये

काल सर्दीची गोळी घेऊन साताऱ्याच्या बसमध्ये बसलो आणि खंबाटकीच्या वळणावर जागा झालो तो शेजारच्या काकांच्या खांद्यावर. मला उतरायचं होतं शिरवळला.

"उठवलं का नाही हो?"

"झोपलेल्याला उठवू नये. पाप लागतं." मग सदऱ्याचा ओला खांदा पुढे केला. "ही लाळ तुमची. कडक इस्त्री होती. दहा रुपये द्या."

"काका, गोळीमुळे..."

"गोळीबिळी काही नाही! मन खंबीर लागतं. बेचाळीस वर्षं नोकरी केली, एक डुलकी नाही." मागे वळून, "काय हो वहिनी, स्वारगेटपासून जागा आहे ना मी?" वहिनींनी साक्ष दिली. सुट्टे नाहीत म्हटलं, तर काकांनी मोबाइल काढून क्यूआर कोड माझ्या नाकापुढे धरला.

मन म्हणे! मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या गाठीच्या मागच्या भागात हिस्टामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी असतात. त्या आपल्याला जागं ठेवतात. नाकात शिंका आणणारंही हिस्टामिनच. जुन्या धाटणीची गोळी नाकाचा बंदोबस्त करायला निघते आणि मेंदूतही शिरून तिथल्या हिस्टामिनला अडवते. हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागातल्या पेशी झोपवणाऱ्या. दोन्ही टोळ्या एकमेकींची तोंडं दाबायला टपलेल्या. पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत व्हिएन्नाच्या फॉन इकॉनोमो यांनी मेंदूज्वराच्या रोग्यांत हे हेरलं होतं: मागचा भाग बिघडला की रोगी झोपूनच, पुढचा बिघडला की डोळ्याला डोळा नाही. हा झगडा आवरून जागेपण टिकवणाऱ्या पेशी ओरेक्सिन नावाचं रसायन बनवणाऱ्या. ते सापडलं 1998 मध्ये. माणसात त्या लाखभरही नाहीत, आणि त्या मेल्या की माणूस भलत्या वेळी झोपतो.

यातलं निम्मं काकांना ऐकवलं. ते म्हणाले, "मग पेशींना सांगा पैसे द्यायला."

खरं तर सगळा दोष गोळीचाही नाही. आमच्या खिडकीखाली टॉवर उठतोय, रात्री दीडपर्यंत मिक्सर घरघरतो. दिवसभर मेंदूत साठलेलं ॲडिनोसिन नावाचं रसायन झोपेचा तगादा लावतं आणि ते फेडायच्या वेळेलाच सळया आपटतात. तक्रार केली तर "परवानगी आहे" म्हणतात. सकाळी चहा ढोसायचा. त्यातलं कॅफिन ॲडिनोसिनच्या जागा अडवून बसतं, म्हणजे तगादा ऐकू येत नाही इतकंच. देणं तसंच. आणि वर आळशी कोण, तर मी! मिक्सरवाल्याला कुणी मन खंबीर करायला सांगत नाही.

दहा रुपये दिले. जास्तीचं तिकीटही काढलं. सुरूर फाट्यावर उतरलो आणि उलट्या बसची वाट बघत उभा राहिलो, तेवढ्यात पहिली शिंक आली.