गावात म्हणे कुणी बेघर नसतं!

लातूर-धाराशिवकडच्या आमच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: बेघर माणसं शहरात असतात. गावात भाऊबंद कुणाला उघड्यावर पडू देत नाहीत. कुणी राहिलंच तर सरकार फुकट घरकुल देतं. मग बचत गट आणि महिला संघटना हव्यात कशाला? नुसती पापड-लोणची आणि वर कर्ज. शेवटी हात जोडलेली इमोजी.

बेघर फक्त शहरात? 2011च्या जनगणनेत देशात सुमारे 17 लाख 70 हजार बेघर मोजले गेले. त्यातले 8 लाखांहून जास्त ग्रामीण भागातले, म्हणजे जवळपास निम्मे. शहरातला बेघर पुलाखाली दिसतो. गावातला मारुतीच्या देवळात, शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर कुणाच्या गोठ्यात झोपतो, आणि गाव त्याला बेघर म्हणत नाही, एवढंच.

आता भाऊबंद. इथं जरा सविस्तर बोलावं लागेल. शेतकरी नवऱ्यानं जीव दिला की तेराव्याला रडणारा दीरच वर्षाच्या आत म्हणतो, "आता तू माहेरी जा, लेकरांचं आम्ही बघू." माहेरी भावजयीचं राज्य. कागद काढावा तर ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, सासऱ्याचं नाव, आणि सासरा जाऊन कैक वर्षं झालेली. नवऱ्याचंच नाव कधी लागलं नाही, तिचं कुठून लागणार? घर नवरा-बायको दोघांच्या नावानं नोंदवायचं, असा 'घर दोघांचे' हा शासन निर्णय 2003 सालचा आहे. तुमच्या गल्लीत किती घरांवर दोन नावं आहेत, बघा एकदा.

एका गावच्या बैठकीत एका बाईनं पिशवी सतरंजीवर उलटी केली. आत घरपट्टीच्या सहा पावत्या. सगळ्या मेलेल्या सासऱ्याच्या नावानं, सगळ्या तिनं मजुरीतून भरलेल्या. त्याच पावत्या जोडून बायांनी तिचा वारस नोंदीचा अर्ज केला. मराठवाड्यात एकल महिला संघटनेच्या बाया असलीच कामं करतात: वारस नोंद, वेगळं रेशनकार्ड, निराधार योजनेचा अर्ज. एकटी बाई कचेरीत गेली तर साहेब मिटिंगला गेलेले असतात. पंधराजणी पायरीवर बसल्या की मिटिंग लवकर संपते.

फुकट घरकुलाचं म्हणाल तर प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात 1,20,000 रुपये मिळतात. शौचालयाचे 12,000 आणि रोजगार हमीची मजुरी वेगळी. पण घरकुल जागेवर उभं राहतं आणि जागा नावावर लागते. गायरानावर दोन पिढ्या काढलेल्या माणसाकडं तीच नसते. जागा घ्यायलाही अनुदान आहे, मान्य. पण गावठाणालगत पारधी कुटुंबाला जागा विकणारा मालक मला दाखवा. शिवाय पैसे येतात टप्प्यानं: जोतं झालं, फोटो काढला, मग पुढचा हप्ता. तोवर सळई आणि सिमेंट उधार कोण देणार? सावकार देतो शेकडा पाचनं, महिन्याला. बचत गट बऱ्याच ठिकाणी शेकडा दोननं देतो, आणि ते व्याज गटातच राहतं. अर्ध्यात थांबलेलं, भिंतींवर बाभळी उगवलेलं घरकुल आपण सगळ्यांनीच पाहिलंय.

कर्जाचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. गावात 'गट' या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. एक उमेदचा, म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा, किंवा बायांनी स्वतः बांधलेला गट: बचत आपली, वही आपली, कुणाचं आजारपण निघालं तर हप्ता पुढं ढकलायचा निर्णयही आपला. दुसरा खासगी फायनान्सचा: ठरल्या वारी माणूस दारात, आणि एकीचा हप्ता चुकला की बाकीच्याजणी तिच्या अंगणात. या दुसऱ्या गटापायी दागिने मोडलेली घरं मला माहीत आहेत. पण त्याचं पाप पहिल्याच्या माथी कशाला?

राहिलं 'कशाला हव्यात'. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी भूकंपानं हादरली तेव्हा माणसं मेली ती मुख्यतः घरांखाली. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद. 52 गावं नव्या जागी वसली. बाकी गावांत पडझड झालेली घरं मालकांनी अनुदानातून स्वतः दुरुस्त करायची होती. तिथं स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीनं गावोगावच्या बाया 'संवाद सहायक' झाल्या. इंजिनिअरचं म्हणणं घरात पोचवायचं, घरच्यांची अडचण इंजिनिअरला सांगायची आणि काम नीट चाललंय का ते बघायचं.

आमच्या ग्रुपवर तो मेसेज टाकणारे काका अशाच एका दुरुस्त केलेल्या घरात राहतात. त्यांच्या गावात तेव्हा संवाद सहायक कोण होती, असं मी खाली विचारलंय. निळी टिक आलीय, उत्तर नाही.